सातवा आरसा

धायरीतल्या आमच्या सोसायटीत मला 'सोलरवाल्या काकू' म्हणतात. गच्चीवर सौर पॅनल बसवायचं ठरलं तेव्हा सेक्रेटरी पाटणकर कागदपत्रं घेऊन थेट माझ्या दारात आले. "तुमची सगळी नोकरी प्रकाशापासून वीज करण्यात गेली म्हणे. मग आमच्या लिफ्टपुरती वीज होईल का, ते तेवढं सांगा." मी म्हटलं, "अहो, आमची वीज मनगटावरचं घड्याळसुद्धा चालवू शकत नाही." पाटणकरांनी फाईल मिटली. "मग इतकी वर्षं करत काय होतात?"

प्रश्न पुणेरी असला तरी रास्त आहे. या लेखाच्या निमित्ताने त्याचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे जिन्यात पुन्हा कोणी अडवायला नको.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत मी टेक्निकल असिस्टंट होते. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांना वाटतं ते टेबलावर मांडून द्यायचं, हे माझं काम. टेबल म्हणजे दोन पलंग शेजारी लावल्यावर होईल एवढं, पोलादी, हवेच्या पायांवर तरंगणारं, वर बोटाबोटाच्या अंतरावर भोकं पाडलेलं. त्या भोकांत आरसे, भिंगं, काचा स्क्रूने घट्ट बसवायच्या, त्यांतून लेसरची किरणरेषा फिरवत न्यायची आणि शेवटी नखाएवढ्या चिपवर बरोबर नेमून दिलेल्या ठिकाणी टेकवायची. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी हुशार मुलांना पहिले सहा महिने तेवढंही जमलेलं नाही. मला जमत असे, आणि जमतं याची मला घमेंडही होती. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ त्या घमेंडीतच आहे.

आता वीज. गॅलियम आर्सेनाइडसारख्या सेमीकंडक्टरवर साधा प्रकाश टाकला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वाट फुटेल तिकडे धावतात. जितके डावीकडे तितकेच उजवीकडे, त्यामुळे हिशेबाला प्रवाह शून्य. त्यांना एका दिशेने न्यायचं तर बॅटरी लावावी लागते. नाहीतर पॅनलमध्ये असतो तसा, पदार्थातच एक उतार करून ठेवावा लागतो. आमच्या चिपमध्ये उतारही नव्हता आणि बॅटरीही नव्हती. आम्ही प्रकाशालाच आकार देत होतो. त्यासाठी एक खास काच असते. तिची जाडी गोलाकार फिरत जराजरा वाढत जाते, गोल जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तशी. आमच्याकडे तिला 'जिना'च म्हणत. जिन्यातून बाहेर पडलेला प्रकाश मध्ये भोक असलेला, कडेने उजळ असा असतो. मुलं त्याला मेदूवडा म्हणायची. पण गंमत भोकात नाही, पिळात आहे. हा प्रकाश पीळ घालत पुढे जातो, आणि चिपवर पडला की त्या कड्याच्या वाटेने इलेक्ट्रॉनांना किंचित ढकलतो. बॅटरी नाही, उतार नाही, तरी प्रवाह. पीळ उजवा असेल तर प्रवाह एका दिशेने, डावा असेल तर उलट. हा प्रवाह पकडणं आणि तो कोणत्या दिशेने जातो ते ठामपणे सांगणं, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप होता.

उपयोग काय, हे पाटणकरांसारखंच एका पाहुण्यांनीही विचारलं होतं. मोठे अधिकारी होते, हार-तुऱ्यांसकट आले होते. म्हणाले, "यावर दिवा लागतो का?" आमचे सर म्हणाले, "नाही." एवढंच. पाहुणे पुढच्या खोलीत गेल्यावर मी सरांना म्हटलं, जरा काही सांगायचंत तरी. "दिवा लागतो का, विचारलं. नाही लागत," सर म्हणाले. खरं उत्तर असं आहे की, प्रकाशात कोणता संदेश पिळाच्या रूपात भरलाय ते वाचणारी, किंवा तारांशिवाय चिपच्या आत हवा तिथे प्रवाह उठवणारी यंत्रं पुढेमागे यातून होतील. कधी होतील ते मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते 'नाही' म्हणाले.

या धंद्यातली माणसंही खाशी भेटली. शनिवार पेठेत चष्म्याच्या काचा घासणारे एक गृहस्थ होते. परदेशातून मागवलेली काच यायला महिने लागत, तेव्हा साध्यासुध्या कामाला मी त्यांच्याकडे जायची. एकदा एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ अशी काच घासून हवी होती. त्यांनी कागदावरचं माझं चित्र दोन वेळा उलटसुलट करून पाहिलं. "यातून कुणाला काही दिसायचंय का?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला घासायची? आहे तशी न्या." तरी दिली घासून, आणि इतकी चोख दिली की परदेशी काच आल्यावरही आम्ही ती बदलली नाही.

आता आरशांचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भिंतीवरचं घड्याळ आरशात पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतात. पिळाचंही तसंच. पीळ घातलेला प्रकाश एका आरशावर आपटला की उजव्याचा डावा होतो. दुसऱ्यावर आपटला की पुन्हा उजवा. म्हणजे जिन्यानंतर आरसे सम असतील तर पीळ होता तसाच चिपवर पोचतो, विषम असतील तर उलटा. म्हणून आमच्या लाल वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: जिन्यानंतर आरसे सहा. अक्षर माझंच.

ती लाल वही हा माझा कायदा होता. टेबलावरच्या कशालाही हात लागला, साधा स्क्रू फिरला, तरी ज्याचा हात लागला त्याने त्याच दिवशी वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. वहीत खोडरबर चालत नसे. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची. "हात लावलात, तर लिहा. नाही लिहिलंत, तर हात लावू नका." मुलं मागे माझी नक्कल करत. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

प्रणाली यवतमाळकडची. पीएच.डी.ला आली तेव्हा विश्रांतवाडीत तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि दोन बस बदलून यायची. बोलणं थेट तिकडचं. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "ताई, हे टेबल हलून राहिलं ना?" मी म्हटलं, टेबल हलत नाही, तुझा हात हलतोय. ती हसली नाही. तिने टेबलावर पाण्याची वाटी ठेवून पाहिली आणि मग म्हणाली, "नाही ताई, माझाच हात हलून राहिला." वहीत तसं लिहिलंही. त्या दिवशी मला ती मुलगी आवडली.

चिपवर सूक्ष्म तारा चिकटवायला तिने सव्वा वर्ष घातलं. चिपा तुटल्या, तारा निघाल्या. अखेर एका एप्रिलमध्ये तिला पहिला प्रवाह दिसला. अगदी क्षीण, पण जिना उलटा बसवला की दिशा बदलत होती, म्हणजे तो पिळाचाच. दिशाही जशी असायला हवी तशीच. तिने वहीत आकडे लिहिले, सही केली. दुसऱ्या दिवशी चिपची तार सुटली. मग मे महिन्यात ती भावाच्या लग्नाला गावी गेली.

ती परतल्यावर जूनमध्ये नवी चिप बसली आणि प्रवाह चांगला दणकून यायला लागला. फक्त दिशा उलटी.

सर चक्रावले. सिद्धांत सांगतो त्याच्या बरोबर विरुद्ध. जिना कोणत्या बाजूने बसवलाय ते तपासलं, त्याच्या कडेची पेन्सिलची खूण जागच्या जागी होती. तारा तपासल्या, मोजणारं यंत्र बदलून पाहिलं. उलटी ती उलटीच, आणि दरवेळी तेवढीच स्वच्छ. आता एप्रिलचं एकच पान आड येत होतं, त्या दिवशी दिशा सुलट होती. सरांनी विचारलं, यातलं खरं कोणतं?

उत्तर मी दिलं. म्हटलं, एप्रिलमध्ये हिने तारा उलट जोडल्या असणार. लिहिलं मात्र नाही.

"ताई, मी तारा नाही बदलवल्या," प्रणाली म्हणाली.

"बदलल्या असत्या तर आठवलं असतं, असं तुला वाटतं. वही कशासाठी आहे? घाईत झालेलं आठवत नाही, म्हणूनच लिहायचं असतं." हे सगळं मी बाकीच्या मुलांसमोर बोलले, माझ्या नेहमीच्या आवाजात. दोन दिवसांनी तिने एप्रिलच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'कदाचित तारा उलट.' खाली सही. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. मुलगी शिकली, असं वाटलं.

तिथून पुढे सगळी गाडी उलट्या दिशेने धावू लागली. सिद्धांताविरुद्ध प्रवाह म्हणजे काहीतरी नवं. सरांनी त्यासाठी वेगळं स्पष्टीकरण मांडलं, चांगलं वीस पानी. प्रणालीचा प्रबंध त्याच्यावरच उभा राहिला. डिसेंबरमध्ये तिची मुदत संपत होती आणि त्याआधी हा निबंध छापायला जाणं भाग होतं. सर क्वचित हसतात, त्या दिवसांत हसायचे.

तिला मात्र चैन नव्हतं. गणपतीच्या सुट्टीनंतर एकदा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "ताई, जिन्यानंतर आरसे सहाच आहेत ना?"

"सहाच. डोळे झाकून सांगते."

"मी एकदा झाकण उघडून पाहू का?"

लेसरच्या वाटेवर आम्ही काळी पत्र्याची झाकणं घालतो, धूळ आणि बाहेरचा उजेड नको म्हणून. मी म्हटलं, "या दमट हवेत झाकण उघडशील, आरशांवर थर बसेल, आणि मग मलाच पुसत बसावं लागेल. दसऱ्यानंतर साफसफाई आहेच." ती "बरं ताई" म्हणून गेली.

वर्षातून दोनदा मी सगळे आरसे पुसायची. पावसाळ्याच्या आधी एकदा, एप्रिलअखेर, आणि दसऱ्यानंतर एकदा. पुसायला मऊ, पातळ कागद येतो. एका आरशाला एक कागद, त्यावर एक थेंब मेथेनॉल, एकाच दिशेने एकदाच ओढायचा आणि फेकून द्यायचा. वापरलेला कागद दुसऱ्या आरशाला लावला तर ओरखडे पडतात. म्हणून मी कागद आधीच मोजून काढून ठेवायची. जिन्याअलीकडच्या आरशांचे वेगळे, पलीकडचे सहा वेगळे.

त्या दसऱ्यानंतरची साफसफाई ही माझी शेवटची होती. महिनाअखेरीस मी निवृत्त होणार होते. दुपारची वेळ, मुलं कँटीनला गेलेली. मी झाकणं उघडली, जिन्याअलीकडचे आरसे पुसले, मग पलीकडचे. एक, दोन, तीन. सहावा कागद टोपलीत टाकला आणि मान वर केली, तर एक आरसा धुळीने भरलेला तसाच माझ्याकडे बघत होता.

मला वाटलं, कागद मोजताना चुकले. टोपली पालथी करून कागद मोजले. मग आरसे मोजले, बोट लावून, बाजारात आंबे मोजतात तसे. सात.

मग वही उघडली. मे महिन्यातल्या एका तारखेला माझ्याच अक्षरात होतं: 'चिलर गळती. पाईप बदलला. लेसर दोन तास बंद. जमीन पुसली.' आणि ती दुपार डोळ्यांसमोर आली. नवा एसी त्याच आठवड्यात बसवला होता आणि त्याचा झोत नेमका टेबलाच्या कोपऱ्यावर यायचा. हवा हलली की प्रकाश थरथरतो. प्रणाली गावाहून यायच्या आत करून टाकू म्हणून मी जिन्यापलीकडचा, कोपऱ्यातला एक आरसा काढला, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन बसवले आणि कोपरा तिरका कापला. काम झकास झालं होतं, किरण पहिल्या जागी केसभरही न सरकता पोचला. वही घ्यायला वळले तर लेसर थंड ठेवणाऱ्या चिलरमधून पाणी वाहत होतं. मग पाईप, फडकी, बादल्या. संध्याकाळी वहीत पाण्याचं लिहिलं. आरशाचं राहून गेलं. प्रवाह सिद्धांताप्रमाणेच वाहत होता, चिपवर पोचणारा पीळच मी उलटा केला होता.

खोटं कशाला सांगू, स्टुलावर बसले तेव्हा पहिला विचार आला तो वेगळाच. दोन आरसे काढून पहिला जागच्या जागी बसवायला मला वीस मिनिटं लागली असती. मग दिशा आपोआप सुलट झाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. दुसराही विचार आला, की काहीच करू नये, महिनाअखेर तर आहेच. निबंध त्याच संध्याकाळी जाणार होता. मग समोर एप्रिलचं पान उघडलं गेलं, मी उघडलं की वाऱ्याने ते आठवत नाही, आणि तिची ती आडवी रेघ दिसली. मोजपट्टी लावून मारलेली, सरळ. खोटी कबुलीसुद्धा मुलीने नीटनेटकी लिहिली होती.

मी त्या दिवसाच्या तारखेला सगळं लिहून काढलं, सही केली आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. प्रणाली तिथेच होती, दोघं निबंधावर शेवटचा हात फिरवत होते. मी उभ्यानेच सांगितलं. आरसे सात आहेत, सातवा मी बसवला, लिहिला नाही.

सरांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "म्हणजे निसर्गाचं बरोबर होतं, शैलजाबाई. आपणच उलटे होतो." वीस पानांचा गठ्ठा त्यांनी पालथा घातला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

प्रणालीने वीस पानांबद्दल काहीच विचारलं नाही. माझ्या हातातल्या वहीकडे बघत म्हणाली, "म्हणजे ताई, माझं एप्रिलचं बरोबर होतं?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "तू तारा बदलल्या नव्हत्यास."

त्यावर तिला रडू आलं. मलाही आलं, पण मी खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने आठवा आरसा बसवला. मी लांब उभी होते, तिने बोलावलं नाही म्हणून. प्रवाह सुलट झाला. एप्रिलच्या पानावर जाऊन तिने रेघेशेजारी 'कायम' लिहिलं आणि सही केली. निबंध पुढे गेला, पण त्यात नवलाईचं काही उरलं नव्हतं. सिद्धांत म्हणतो तसंच घडतं, एवढंच. चार पानं झाली. छोट्या नियतकालिकात छापून आली. मुदत दोन महिने वाढवून घ्यावी लागली आणि परदेशातल्या ज्या गटाला उलट्या प्रवाहात रस होता, त्यांची पत्रं थांबली. प्रणाली कुठे गेली असती ते मला सांगता येणार नाही. हल्ली ती इथेच एका कंपनीत लेसर जुळवते आणि तिचं बरं चाललं आहे. पण पाच महिने मी तिला तिच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू दिला नाही. हे काही भरून निघत नाही.

शेवटच्या दिवशी वही सोपवायची म्हणून मी ती चाळली. माझ्या कबुलीच्या पानावर, माझ्या सहीखाली, तिने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. 'आरसे मोजणं माझं काम होतं. मी विचारलंही नाही.' खाली सही, तारीख. वही पुढची मुलं वाचणार, तिथे चूक एकट्या ताईंच्या नावावर राहू नये, एवढाच तिचा हेतू असणार. निरोप समारंभात ती माझ्यासाठी शालीची घडी करत होती, वर बघत नव्हती.

इतक्या वर्षांत त्या वहीत कुणी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. मी पेन घेतलं, तिच्या दोन्ही ओळींवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'तिने विचारलं होतं. मी न बघता सहा सांगितले.' सही केली आणि वही तिच्या हातात दिली.